ईक म्हणजे इकणं

लंजे सरांना व्याकरणातली चूक आणि भातातला खडा सारखाच लागायचा. दोन्ही वेळा ते डोळे गच्च मिटून घेत आणि दोन्ही वेळा घरातल्यांना कळायचं, आता काहीतरी ऐकून घ्यावं लागणार. त्या दिवशी सकाळी साडेदहाला त्यांनी असेच डोळे मिटले. समोर रुचिकाचा, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलीचा, इंग्रजी निबंध होता. पोरगी पुण्यात नोकरी करत होती, परदेशातल्या कुठल्याशा विद्यापीठात शिकायला जायचं म्हणत होती, आणि अर्जासोबत स्वतःविषयी दोन पानं लिहून द्यायची होती. 'बाबा, संध्याकाळी फॉर्म बंद होते, स्वल्पविराम तेवढे पाहून द्या,' असं तिनं मोबाइलवर कळवलं होतं. सरांना काचेवरचं वाचून चुका दिसत नसत. त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन्ही पानं छापून आणली, भंडाऱ्याच्या त्या दोन खोल्यांच्या घरात खिडकीशी खुर्ची ओढली, लाल पेनाचं टोपण काढलं. सेवानिवृत्तीला पाच वर्षं झाली होती. लाल पेन हातात आलं की पाठ आपोआप ताठ व्हायची. पहिलं पान निर्मळ निघालं. त्यांना जरा वाईटच वाटलं. दुसऱ्या पानावर मात्र मधोमध हे वाक्य होतं: 'फॉर इलेव्हन यर्स द स्कूल पेड माय फादर नथिंग, अँड माय मदर ईक्ड आउट अवर राइस विथ हिज नोट्स.' अकरा वर्षं शाळेनं माझ्या वडिलांना काही दिलं नाही, इथपर्यंत ठीक. पुढं काय? भातात नोट्स कालवून खाल्ल्या की काय? सरांनी डोळे उघडले आणि 'ईक्ड आउट' ह्या शब्दाभोवती लाल गोल काढला. बाजूला लिहिलं, 'चुकीचा प्रयोग'. मग हसू आलं, कारण चूक कुठून आली ते त्यांना ठाऊक होतं. ती त्यांच्याच घरची चूक होती.

पंचवीस वर्षं तो शब्द त्यांनी एकाच पद्धतीनं शिकवला होता. खेड्यापाड्यांतून आलेली पोरं, कोणी तुमसरकडची, कोणी लाखांदूरकडची. इंग्रजी शब्द त्यांच्या डोक्यात ओल्या भिंतीवर खिळा ठोकावा तसा राहायचाच नाही. सरांनी युक्ती काढली होती, ज्या इंग्रजी शब्दाला आपल्या बोलीतला एखादा शब्द सापडेल त्याला तो बांधून टाकायचा. 'ईक म्हणजे इकणं,' ते फळ्यावर खडू आपटून सांगायचे. 'ज्याच्यापाशी काही नाही तो काय करन? आज कोंबडी इकली, उद्या भोपळा इकला, परवा छपराची कवलं इकली. असं इकत-इकत जो दिवस काढते, तो ईक आउट अ लिव्हिंग. कसंबसं जगणं. समजलं?' वर्ग हसायचा आणि शब्द कायमचा बसायचा. दरवर्षी बोर्डाच्या पेपरात कोणी ना कोणी तो बरोबर लिहून यायचं. अर्थ बरोबर, वाट चुकीची. पण गाडी मुक्कामाला पोचली की वाटेची चौकशी कोण करतो. स्वतः सर शाळेबाहेर इकणं हा शब्द कधी उच्चारत नसत. ते विकणं म्हणत, तेही जरा तोंड वाकडं करून. विद्या विकायची नसते, हे त्यांचं ब्रीद होतं. शाळा विनाअनुदानित, पगाराच्या नावानं शून्य, बाकीचे मास्तर संध्याकाळी पैसे घेऊन शिकवण्या करत. सर मात्र ओसरीवर पोरांना फुकट बसवत. आणि आता त्यांची हुशार पोरगी, शहरात राहून, परदेशी माणसांपुढे ईकचा अर्थ विकणं धरून बसली होती. माझी आई नोट्स विकायची, असं तिला म्हणायचं होतं की काय? छे. काहीतरी काव्य करायला गेली असणार. सरांनी मोबाइल उचलला, मग ठेवला. पोरीला चूक दाखवायची तर पुराव्यानिशी दाखवावी.

पुरावा कपाटावर होता. निवृत्तीच्या दिवशी शाळेनं दिलेला मोठा इंग्रजी कोश, चार किलोचा. सरांनी आयुष्यभर एकच लहान इंग्रजी-मराठी शब्दकोश वापरला होता, तो त्यांना जवळजवळ पाठ होता; हा नवा त्यांनी कधी उघडला नाही. मोठा कोश उघडणं म्हणजे आपल्याला काहीतरी येत नाही हे कबूल करणं. त्यांनी धूळ झटकली, पानं चाळली, बोट ठेवलं. तीन अर्थ दिले होते. तिसरा त्यांचा होता, कष्टानं कसंबसं जगणं. दुसरा, एखादी वस्तू जपून, थोडी-थोडी वापरून लांबवणं. आणि पहिला, ज्याला कोशानं सगळ्यात वर बसवलं होतं, तो असा की कमी पडणाऱ्या वस्तूत दुसरी वस्तू भरून ती पुरवणं. उदाहरणही होतं, अमुक पगार तमुक शिकवण्यांनी पुरवला. आणि त्या उदाहरणात 'विथ' अगदी तिथंच होता जिथं रुचिकानं ठेवला होता. सरांनी चष्मा पुसला. शेवटी बारीक अक्षरात शब्दाचं कूळ दिलं होतं. जुन्या इंग्रजीत वाढवणं, जोडणं. टोपणनावाला जो इंग्रजी शब्द आहे तोही ह्याच घराण्यातला, मूळ नावाला जोडलेलं जास्तीचं नाव. विकण्याचा कुठं मागमूस नव्हता. म्हणजे पुरवणी. परीक्षेच्या हॉलमध्ये पंचवीस वर्षं पोरं हात वर करून जी मागत होती आणि सर दोऱ्यासकट जी देत होते, ती पुरवणी. इतका साधा, रोजचा मराठी शब्द हाताशी असून त्यांनी पंचवीस वर्षं पोरांना इकणं शिकवलं. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. शिक्षकाला लाज वाटते तेव्हा ती कानात वाटते, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. रुचिकाचं वाक्य बरोबर होतं. लाल गोल चुकीचा होता. आपल्याच पोरीनं आपल्याला शून्य गुण दिले, असं वाटून ते क्षणभर कौतुकानं हसले. आणि हसता-हसताच ते वाक्य दुसऱ्यांदा, ह्या वेळी योग्य अर्थासकट, त्यांच्या डोक्यात शिरलं. माझ्या आईनं आमचा भात त्यांच्या नोट्सनी पुरवला.

भात दिघोरीचा होता. लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरीला सरांच्या वाट्याचं शेत थोरला भाऊ करत असे आणि दरवर्षी मळणी झाली की तांदळाची पोती यायची. त्या तांदळाचा सरांना फार अभिमान. कोणी पाहुणा जेवायला बसला की पहिल्या घासालाच ते सांगायचे, 'हा घरचा तांदूळ बरं का, दुकानातला नाही. चवीतच फरक कळतो.' चैत्रात सांगायचे, आषाढात सांगायचे, दिवाळीत नवा यायच्या आधीही सांगायचे. तीन पोती तांदूळ तीन माणसांना, वर येणाऱ्या-जाणाऱ्यांना, ओसरीवरच्या पोरांना वर्षभर कसा पुरायचा हा साधा हिशेबाचा प्रश्न त्यांनी अकरा वर्षांत एकदाही सोडवला नव्हता. पुरतो, म्हणून पुरतो. बायकोच्या, म्हणजे आनंदाबाईंच्या, हाताला बरकत आहे असं ते म्हणायचे आणि बाई पदराला हात पुसत आत जायच्या. सरांनी मोबाइल उचलून नंबर लावला. रुचिका लगेच बोलली, 'झालं बाबा? किती चुका?'

'चूक नाही,' सर म्हणाले. 'एक वाक्य समजलं नाही. भात आणि नोट्सचं.'

'ईक आउट ना? मले वाटलंच तुम्ही त्याच्यावर बोट ठेवसान. मुद्दाम टाकला, तुमचा शब्द आहे म्हणून. पण अर्थ पाहून टाकला, बाबा. इकणं नाही होत त्याचा.'

'अर्थ पाहिला मी. नोट्सनी भात कसा पुरवला, ते सांग.'

पलीकडचा ऑफिसातला आवाज दूर गेला, ती बाहेर आली असावी. मग ती हळू म्हणाली, 'तुम्ही मजाक करून राहिले का? आई तुमच्या वह्या घेऊन पवनीले जायची ना. वीरेंद्रकाकाच्या दुकानात, झेरॉक्स मारायले. मी स्टुलावर बसायची, काका मले बिस्कीट द्यायचे, मशीनमधून हिरवा उजेड यायचा. ते नोट्स बांधून इकायचे, अन् आईले काही द्यायचे. येतानी आम्ही तांदूळ घेऊन येऊ. आई तो घरी आणून दिघोरीच्या पोत्यात टाके. तुम्हीच पाठवता ना आईले? आई म्हणे, बाबांचं काम आहे, कोनाले सांगायचं नाही. बाबा? ... बाबा, तुमाले माईत नव्हतं?'

सरांनी 'होतं' म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा पोरीशी खोटं बोलले असतील. ती घाबरून म्हणाली, 'काढू का मग ते वाक्य?' तेव्हा मात्र त्यांच्यातला मास्तर आपसूक बोलला, 'काढू नको. प्रयोग अचूक आहे.' त्यांनी फोन ठेवला. पवनीला आनंदाबाईंची मावशी होती. मावशी आजारी असायची. अकरा वर्षं ती दर उन्हाळ्यात आणि दर सहामाहीच्या आधी, म्हणजे बरोबर नोट्स लिहून पूर्ण झाल्या की, आजारी पडायची. आणि पगार सुरू झाला त्या वर्षी मावशी ठणठणीत बरी झाली! बस पकडायला निघालेल्या बायकोच्या हातातली कापडी पिशवी सरांनी कितीदा तरी स्वतः उचलून स्टँडपर्यंत नेली होती. जड लागली की म्हणायचे, मावशीला काय लोखंड नेतेस का. म्हणजे आपल्याच वह्या आपणच उचलून दिल्या. निरोपसमारंभात त्यांनी भाषण केलं होतं, 'अकरा वर्षं वेतन नव्हतं, पण कोणापुढं हात पसरला नाही, विद्या विकली नाही, आम्ही भागवलं.' टाळ्या पडल्या होत्या. दुसऱ्या रांगेत सुती साडीत बसलेल्या आनंदाबाईंनीही टाळ्या वाजवल्या होत्या, सरांना स्पष्ट आठवत होतं. भागवलं. कोणी भागवलं? कर्ता कोण ह्या वाक्यातला? इथपर्यंतचा धक्का त्यांनी खुर्चीचे हात धरून कसाबसा सोसला असता. माणूस स्वतःच्या बायकोकडून हरला तर तेवढं काही वाटून घ्यायचं कारण नाही. पण वह्या म्हटल्यावर दुसरं एक नाव पाण्यातून वर यावं तसं आलं, आणि सर उभेच राहिले. रीता.

एकवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. रीता बारावीला होती. बाप आंबागडकडच्या जंगलकामावर, वर्षातून दोनदा येणारा. आई गोदावरीबाई विड्या वळायची. दोघी मायलेकी सरांच्या गल्लीच्या टोकाला एका खोलीत राहायच्या. घरी दिवा नीट नसल्यानं पोरगी सरांच्या ओसरीवर अभ्यासाला यायची. अशी विद्यार्थिनी दहा वर्षांत एकदा मिळते. ती व्याकरण तोंडात खडीसाखर ठेवल्यासारखी चघळायची, घाईनं गिळायची नाही. त्याच वर्षी, सहामाहीच्या सुमारास, पर्यवेक्षक म्हणून दुसऱ्या केंद्रावर गेलेल्या सरांना एका अनोळखी पोराच्या दप्तरात स्वतःचं अक्षर दिसलं. काळपट, झेरॉक्स केलेलं, पण स्वतःचं. टी-वरची आडवी रेघ जरा लांब ओढायची त्यांची सवयसुद्धा. वर छापलं होतं, लंजे सरांच्या नोट्स. कोणीतरी विकत होतं. सरांच्या अंगाचा तिळपापड झाला. घरी येऊन कपाट पाहिलं तर दोन नंबरची वही जागेवर नव्हती, चार दिवसांनी परत जागेवर होती. वहीला हात कोणाचा लागतो? ओसरीवर रोज येणाऱ्या पोरीचा. घरातलं माणूस त्यांनी मोजलंच नाही. दुसऱ्या दिवशी पन्नास पोरांसमोर त्यांनी रीताला उभं केलं. मारलं नाही, ते कधी मारत नसत आणि त्याचाही त्यांना अभिमान होता. फक्त फळ्यावर ईक आउट लिहिलं आणि म्हणाले, 'ह्या शब्दाचा वाक्यात उपयोग आज रीता करून दाखवणार आहे. सांग, गुरूची वही तू कितीला इकली?' पोरगी म्हणाली, 'मी नाही घेतली सर.' तीन वेळा म्हणाली. वर्ग हसला. त्या दिवसापासून तिचं नाव ईक-आउट पडलं. पोरं सायकलवरून जाताना ओरडायची, 'ए ईक-आउट!' सरांनी ते ऐकलं होतं आणि थांबवलं नव्हतं. पंधरा दिवसांत तिच्या आईनं तिचं नाव शाळेतून काढलं. पुढं लग्न झालं, नवऱ्यासोबत खांब तलावाकडच्या वस्तीत पिठाची चक्की टाकली. इतक्या वर्षांत कुठंही दिसली, बाजारात, दवाखान्यात, की ती हातातलं खाली ठेवून वाकून नमस्कार करायची, 'नमस्कार सर.' सर मान हलवायचे आणि पुढं जाताना त्यांना बरं वाटायचं. पोरगी सुधारली, त्यांना वाटायचं. पश्चात्ताप झाला तिला. एवढ्या वर्षांत एकदाही, चुकूनसुद्धा, त्यांना ह्यापेक्षा वेगळं वाटलं नव्हतं.

स्वयंपाकघरात आनंदाबाई जमिनीवर पाय पसरून पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत होत्या. सर दारात उभे राहिले. काय विचारायचं ते ठरवून आले होते. तोंडातून वेगळंच निघालं. 'पवनीच्या मावशीला नेमकं काय व्हायचं?' बाईंचे हात थांबले. त्यांनी वर पाहिलं, सरांच्या हातातला कागद पाहिला, आणि एवढ्या वर्षांत जे वाक्य केव्हातरी येणार म्हणून ठेवलेलं होतं ते आलं, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. घाबरल्या नाहीत. थकल्यासारख्या झाल्या.

'रुचिकानं सांगितलं?'

'तिनं लिहिलं. इंग्रजीत.'

'तांदूळ होळीलेच सरत होता जी,' बाई म्हणाल्या. 'तुमी रोज दोन-दोन पोरं जेवाले बसवत होते. मी काय वाढू? तुमाले सांगितलं असतं त तुमी उपाशी झोपले असते, पर वही नसती देल्ली. मंग पोरगी बी उपाशी झोपली असती.'

'आणि रीता?' सरांचा आवाज चढला. चढायला नको होता, पण चढला. 'ती पोरगी वर्गात उभी होती तेव्हा तू घरी होतीस. तुला माहीत होतं!'

'तुमी संध्याकाळी आले अन् म्हटलं, चोर सापडला.' बाईंनी एक शेंग उचलली, न सोलता परत ठेवली. 'त्या दिवशी दोन खेपा भात घेतला तुमी. मी म्हटलं, आज नाई, उद्या सांगतो. उद्या तुमी म्हटलं, पोरीच्या मायनं हात जोडून माफी मागतली. मंग परवा सांगाचं त उद्याच्यापेक्षा कठीन. असं करता-करता ते शाळेतून निंघून गेली. आपल्या गल्लीतली चक्की सोडून मी दळन तिच्याकडंच नेऊन राहिली इतके वर्सं, काहून नेतो, तुमी कधी इचारलं? तिच्या चक्कीत बसतो घंटाभर. सांगीन म्हनतो. पीठ गरम-गरम डब्यात पडते, अन् मी डबा उचलून येतो.' मग त्या म्हणाल्या, 'मी चोर आहो, कबूल. पर तुमी एक डाव घरात इचारलं असतं ना, का वही कोनं घेतली, त मी सांगितलं असतं. तुमी इचारलंच नाई. तुमाले आधीच माईत होतं.'

सर चपला घालून बाहेर पडले. उन्हं वर आली होती, रस्त्याला गर्दी होती, भाजीच्या गाड्यांवर लाखोळीची हिरवी भाजी होती, आणि ह्यातलं काहीच त्यांना नेहमीसारखं दिसत नव्हतं. ओळखीच्या दुकानांच्या पाट्या वाचता येत होत्या, अर्थ लागत नव्हता. डोक्यात एकच वाक्य घोळत होतं आणि ते त्याचं व्याकरण सुधारत चालले होते. माझी चूक झाली. नाही, झाली म्हटलं की चूक आपोआप झाल्यासारखी वाटते. मी चूक केली. केवळ चूक? मी तुझ्यावर खोटा आळ घेतला. हे बरं. पण मग वही कोणी घेतली असं ती विचारेल, आणि त्या बाईचं, जी दर महिन्याला डबा घेऊन तिच्यापाशी बसते, तिचं नाव सांगायचं? पोरीनं आयुष्यात ज्या एका माणसाची ऊब धरली असेल तीही काढून घ्यायची? न सांगावं. वही कपाटामागं पडली होती म्हणावं. असं त्यांनी ठरवलं, आणि ठरवल्याक्षणी त्यांना आपल्यातला तोच जुना गार हुशारपणा जाणवला, ज्यानं फळ्यावर तो शब्द लिहिला होता. ते तलावाच्या काठाला लागले. आज घराबाहेर पडल्यापासून आपण घाबरलेले आहोत, हे त्यांच्या लक्षात आलं. एका पीठ दळणाऱ्या बाईला घाबरलेले.

चक्की दणदणत होती. पट्टा फिरत होता, सगळ्या भिंतींवर पिठाची साय बसली होती, बाकावर चार बायका डबे घेऊन बसल्या होत्या. रीताच्या भुवया पिठानं पांढऱ्या झालेल्या. तिनं सरांना पाहिलं आणि सवयीनं हातातलं सूप खाली ठेवून वाकली. सर बोलले. तिला ऐकू गेलं नाही. तिनं कानाकडं बोट नेलं. सर पुन्हा, मोठ्यानं बोलले, वर्गात बोलायचे तसे, आणि तरी आवाज पट्ट्यात गेला. तिनं बटण बंद केलं. पट्टा फटफट करत मंदावला, आणि त्या एकदम झालेल्या शांततेत सरांचं वाक्य सगळ्या बायकांनी ऐकलं, 'रीता, ती वही तू चोरली नव्हती.'

'हो सर,' रीता म्हणाली. 'मले त माईत आहे. मी नव्हतीच घेतली.'

ती अगदी सहज म्हणाली. एवढी मोठी बातमी घेऊन ते अर्धं शहर चालत आले होते, आणि ती बातमी फक्त त्यांच्यासाठी बातमी होती. समोरच्या बाईला ती एकवीस वर्षं ठाऊक होती, सकाळी उठल्याबरोबर, भाकर थापताना, कोणी ईक-आउट म्हणून हाक मारली की. तिनं कोणाला पटवायचं सोडून दिलं होतं, एवढंच.

'मंग कोनं घेतली होती सर?'

'माह्या घरच्यांनी,' सर म्हणाले. कपाटामागची वही जिभेवर आलीच नाही. आणि आपण किती वर्षांनी माह्या म्हणालो, हेही त्यांना ऐकू आलं. 'घरात तांदूळ नव्हता. मले माईत नव्हतं. मी इचारलं नाही.'

रीता पोत्यावर बसली. पदरानं तोंड पुसलं तर पीठ आणखी पसरलं. 'बाईनं,' ती म्हणाली. 'तरीच दर डाव जाता-जाता माह्या डोक्यावर हात ठेवते.' तिनं पायाशी सांडलेलं पीठ हातानं गोळा केलं. सरांना वाटलं, आता रडेल, किंवा शिव्या देईल. दोन्हीची त्यांनी तयारी केली, आणि खरं म्हणजे दोन्हीची वाट पाहिली. ती बोलली तेव्हा आवाज साधाच होता. 'माही माय मागच्या पोळ्याले गेली, सर. तुमी म्हटलं होतं ना, म्हणून तिनं माह्यावर कधी भरोसा नाई ठेवला. म्हणे, सर खोटं काहून बोलतीन? शपथ घालून ठेवली होती तिनं, सर कुठं बी दिसले का वाकायचं. म्हणून वाकतो मी. मायचा शब्द म्हणून.' सरांनी बाकाची कड धरली. 'आखरीले ते खाटेवर पडली. बोलनं बंद होत आलतं. तरी तेच. म्हणे, पोरी, मी जाऊन राहिली, आता त कबूल कर, तुह्या जीवावरचं पाप उतरू दे, मले सुखानं जाऊ दे. तीन दिवस तेच म्हणे. पानी बी घेईना. मंग मी म्हटलं, हो माय. मीच चोरली. तवा कुठं तिनं दोन घोट पानी घेतलं, माह्या तोंडावरून हात फिरवला, म्हणे, माफ केलं.' तिनं मान वर केली. 'हे आता मी कोनाले सांगू, सर?'

रीता थोडा वेळ थांबली, खरंच उत्तराची वाट पाहत असल्यासारखी. मग उठली, सूप उचललं, बटण दाबलं. पट्टा हलला, फिरला, आवाज चढत गेला.

'सरका ना जी थोडं, माहा नंबर आहे,' मागची बाई डबा घेऊन म्हणाली, आणि लंजे सर सरकले.